शेवाळाचा ढीग उचलण्याआधी: किनारी ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील किनारी ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच व सदस्य, तसेच किनारा स्वच्छता मोहिमांतले सर्व कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

पुळण साफ करताना शेवाळ आणि प्लास्टिक एकाच ट्रॉलीत भरू नका, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी लहान दिसते, पण तिचा संबंध किनाऱ्यापासून पार खोल समुद्रापर्यंत पोचतो. तो तुमच्यासमोर कुणी नीट मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून सविस्तर लिहिते. वेळ काढून वाचावं, ही विनंती.

थंडी सरत आली की आपल्या किनाऱ्यांवर तपकिरी-पिवळ्या शेवाळाच्या रांगा लागतात. पावसाळ्यात उधाणाबरोबर आणखी येतात. दोन दिवसांत वास सुटतो, पर्यटक नाकाला रुमाल लावतात, हॉटेलवाल्यांचे फोन सुरू होतात आणि ग्रामपंचायत जेसीबी बोलावते. गेल्या हिवाळ्यात आमच्या जवळच्याच एका गावात मी हे उभी राहून पाहिलं. भरतीच्या रेषेवरचा सगळा थर यंत्राने खरवडून काढला. बरोबर वीतभर वाळूही गेली. थर्माकोल, बाटल्या, चपला, नायलॉनच्या दोऱ्या आणि शेवाळ, सगळं एकाच खड्ड्यात लोटून वर माती ओढली. काम करणाऱ्यांनी घाम गाळून काम केलं, त्यांना मी बोल लावत नाही. यातलं काय उचलायचं आणि काय ठेवायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे शेवाळ बहुतांशी सरगॅसम जातीचं असतं. मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जिथे जिथे खडप आहे तिथे ओहोटीला खाली उतरलेल्या माणसाने ते पाहिलेलं असतं. कडेला दाते असलेली चिवट पानं, फांद्यांवर मिरीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे, आणि बुंध्याशी खडकाला घट्ट धरून राहिलेली चकती. पाऊस ओसरला की ते जोमाने वाढायला लागतं आणि थंडीत भरात येतं. फुग्यांमुळे ते पाण्यात ताठ उभं राहतं आणि उजेड गाठतं. भरलेल्या रानात शिरावं तसं त्यात मासे, कोलंब्या, कुर्ल्या शिरतात, अंडी घालतात, लपतात.

मग लाटांच्या माऱ्याने बूड सुटतं. जमिनीवरचं झाड उपटलं की वाळतं. या शेवाळाचं तसं नाही. त्याला मूळ नसतंच. खडकावरची चकती फक्त धरून राहण्यासाठी असते, अन्न ते सर्वांगाने पाण्यातूनच घेतं. त्यामुळे सुटल्यावर ते जिवंतच राहतं, आणि जे फुगे त्याला खडपावर उभं ठेवत होते तेच आता त्याला तरंगत ठेवतात. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे ते जातं. सुटलेल्या जुड्या एकमेकींत अडकतात, कधी परातीएवढ्या, कधी अंगणाएवढ्या होतात, आणि काही आठवडे असा प्रवास चालतो. साधारणपणे हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि पावसाळ्यात दक्षिणेकडे. म्हणजे जानेवारीत मालवणच्या खडपावरून सुटलेलं शेवाळ रत्नागिरीकडे सरकू शकतं, आणि जुलैत सुटलेलं गोव्या-कारवारकडे. एका गावच्या खडपावर जे घडतं ते दुसऱ्या गावच्या पुळणीवर येऊन लागतं, म्हणून हे पत्र एकाच ग्रामपंचायतीला लिहून भागणार नव्हतं.

अटलांटिक महासागरात याचा मोठा विस्तार आहे. तिथला सरगॅसो समुद्र असा आहे की त्याला कुठल्याच बाजूला जमीन नाही, चारी बाजूंनी फक्त प्रवाह. तिथे सरगॅसमच्या दोन जाती अशा आहेत की त्या आयुष्यात कधी खडकाला लागत नाहीत. तरंगत राहतात, तुटतात आणि प्रत्येक तुकड्याचं नवं झाड होतं. १४९२ साली कोलंबसच्या जहाजांना हे शेवाळ भेटलं. आपल्याकडच्या जाती तशा नाहीत. अरबी समुद्रात आपल्या बाजूला जे सरगॅसम तरंगताना दिसतं ते कुठल्या ना कुठल्या खडपावरून सुटून आलेलं असतं. खडप बोडकं झालं की समुद्रातला तरंगता आसराही आटला. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याकडे पुढे येतेच.

आसरा म्हणजे काय, हे खोल समुद्रात गेल्याशिवाय लक्षात येत नाही. किनाऱ्याजवळ माशाच्या पिल्लाला कपार आहे, खाडी आहे, तिवरांची मुळं आहेत. तीस-चाळीस वावांच्या पलीकडे वरच्या पाण्यात यातलं काहीच नसतं. अरबी समुद्रात अन्नाचा तोटा नाही. पावसाळ्यात खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि सगळा समुद्र भरून जातो. तोटा असतो तो आडोशाचा. वरून पक्षी, खालून सुरमई-कुपा, आणि मधलं बोटभर पिल्लू. अशा पाण्यात हातभर शेवाळ तरंगत आलं तरी त्याखाली जीव गोळा होतात. बारीक पिल्लं फांद्यांत, जरा मोठी सावलीत, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असलेले मोठे मासे त्याहून खाली. आपल्या मच्छीमारांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तरंगतं लाकूड किंवा शेवाळ दिसलं की होडी तिकडे वळते, ती उगाच नाही.

मी अनेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एका तांडेलकाकांनी एकदा आमच्या मुलांसाठी अशी एक जुडी समुद्राच्या पाण्यासकट बादलीतून आणून दिली. आम्ही ती पांढऱ्या परातीत ओतली. पहिल्यांदा दिसलं ते नुसतं शेवाळ. मुलं जरा हिरमुसली. मग सातवीतली एक मुलगी वाकून म्हणाली, "बाई, ह्या पानाक पाय आसत." ती कोलंबी होती, नखाएवढी. रंग हुबेहूब पानाचा. पानांवर जे पांढरे ठिपके होते तसेच ठिपके तिच्या अंगावरही होते. ते ठिपके भिंगाखाली धरले तर पानावर चुन्याची बारीक जाळी पसरलेली. प्रत्येक घर टाचणीच्या टोकापेक्षा लहान, आणि प्रत्येक घरात एक जीव. फांदीच्या बेचक्यात एक कुर्ली बसलेली, पिवळसर, पाठीवर पांढरा डाग. फांदी हलवली की ती सुटायची आणि पोहत पुन्हा तिथेच येऊन बसायची. एका फांदीला देठ असलेल्या शिंपल्यांचा घोस लटकला होता. पाणी स्थिरावल्यावर शिंपले उघडले आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी चाळू लागले. एक माशाचं पिल्लू होतं, चपटं, खरबरीत कातडीचं, डोकं खाली करून पानाबरोबर डुलणारं. पान हललं की तेही हले. हातात धरायला गेलेल्या मुलांना ते तीनदा सापडलं नाही, आणि परात होती हातभर रुंद.

सगळं पाहून झाल्यावर ती जुडी आम्ही सुकतीच्या पाण्याबरोबर परत सोडली.

त्या परातीत एक मासा नव्हता, त्याच्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. शास्त्रज्ञ त्याला हिस्ट्रियो हिस्ट्रियो म्हणतात. अटलांटिकमध्ये आहे, हिंदी महासागरातही आहे, आणि सगळं आयुष्य तरंगत्या शेवाळात काढतो. अंगावर शेवाळाच्या पानांसारखीच कातडीची झिपरी, रंग तोच, डागही तेच. पुढचे पर हातासारखे. त्यांनी फांद्या पकडत तो शेवाळात चालतो. फार तर वीतभर होतो, पण स्वतःच्या लांबीशी बरोबरी करणारं भक्ष्यही गिळतो, वेळेला आपल्याच जातीचंही. शेवाळ नसेल तर असा मासा जगणार कुठे? त्याचा आकार, रंग, चाल, सगळं त्या एका घरासाठी घडलेलं आहे. तसेच काही बिनकवचाचे गोगलगायीसारखे जीव आहेत, ज्यांचं अंग शेवाळाच्या पानासारखं दिसतं. उडते मासे आपली अंडी बारीक तंतूंनी तरंगत्या शेवाळाला बांधतात, नाहीतर ती बुडतील. आणि भर समुद्रात पाण्याच्या पृष्ठभागावर धावणारा एक कीटक आहे, हॅलोबेट्स. जमिनीवर कीटकांच्या लाखो जाती, पण उघड्या महासागरावर कायमचा संसार मांडला तो फक्त याच्या पाच जातींनी. त्यालाही अंडी घालायला काहीतरी तरंगतं लागतं.

आता कासवांकडे येते, कारण कासव म्हटलं की आपल्याकडे सगळे कान टवकारतात आणि ते योग्यच आहे. वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं तेव्हा कासवांची अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी उचलली जात होती. आज त्याच गावातली माणसं रात्री घरटी राखतात. आंजर्ले, गुहागर, गावखडी, तांबळडेग, वायंगणी, किती गावांची नावं घेऊ. पिल्लं पाण्यात सोडताना हजारो डोळे ती पाहतात. पुढे ती कुठे जातात? अटलांटिकमधल्या कासवांवर आर्ची कार या शास्त्रज्ञाने आयुष्य घालवलं. पिल्लं किनारा सोडल्यावर पहिली वर्षं कुठे काढतात, याचा शोध घेताना तो तरंगत्या सरगॅसमपर्यंत पोचला. तिथे त्यांना आडोसा मिळतो, खाणं मिळतं, आणि फांद्यांमधल्या पाण्यात थोडी ऊबही. वेळासहून निघालेल्या ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लांचंही पुढचं आयुष्य उघड्या समुद्रातच जातं, आणि ही जात तरंगत्या वस्तूंच्या आसपास दिसते हे खलाशीही सांगतात. आपण पिल्लू पाण्यापर्यंत पोचवतो आणि टाळ्या वाजवतो. त्याला पुढे ज्याचा आधार लागेल त्याची मात्र कचऱ्यात गणना करतो. हे मला सहन होत नाही.

आणि प्लास्टिकचा खरा धोका इथेच आहे. १९२७ साली अटलांटिक ओलांडताना आयर्विंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाला सरगॅसम समुद्रावर लांबच लांब समांतर रेघांत तरंगताना दिसलं. त्याने विचार केला आणि पुढे प्रयोग करून दाखवलं की वाऱ्यामुळे वरच्या पाण्यात आडव्या भोवऱ्यांच्या जोड्या तयार होतात. दोन भोवरे जिथे एकमेकांकडे वळतात तिथे पाणी खाली जातं आणि जे तरंगतं ते वरच गोळा होऊन राहतं. आपल्या खलाशांनाही फेसाच्या, शेवाळाच्या या रेघा ओळखीच्या आहेत. आता त्या रेघेत काय काय असतं ते त्यांनाच विचारा. शेवाळ असतं, पण त्याबरोबर पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, तुटक्या जाळ्यांचे गुंतवळे असतात. जो न्याय शेवाळाला, तोच प्लास्टिकला. दोन्ही एकाच जागी जमतात. पिल्लू कासव त्या रेघेत अन्न शोधतं आणि जे तोंडासमोर येईल ते खातं. म्हणून किनाऱ्यावर उचललेली प्रत्येक पिशवी मोलाची आहे. तुमच्या मोहिमा बंद पडाव्यात असं माझ्या स्वप्नातही नाही, त्या वाढाव्यात. फक्त हाताने व्हाव्यात आणि शेवाळ तिथेच राहावं.

कुणी म्हणेल, किनाऱ्याला लागलेलं शेवाळ तर मेलेलंच, त्याचा आता काय उपयोग. उपयोग आहे, आणि तो थेट गावाचा आहे. भरतीच्या रेषेवर पडलेलं शेवाळ उचलून पाहा, खाली टुणटुण उडणारे बारीक जीव शेकड्यांनी दिसतील. ते शेवाळ खाऊन संपवतात. त्यांच्यावर चिखल्या, तुतवार आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे इतर पाहुणे पक्षी जगतात. शेवाळ कुजून जे वाळूत उतरतं ते मर्यादवेलीला आणि रावणमिशीला मिळतं. वाऱ्याने उडणारी वाळू याच रांगांना अडते, तिच्यावर वेल चढते, आणि पुळणीमागचा वाळूचा बांध बनतो. ज्या ग्रामपंचायती दरवर्षी किनाऱ्याची धूप होते म्हणून बंधारा मागायला तालुक्याला खेपा घालतात, त्यांनीच जेसीबीने हा फुकटचा बांध खरवडून टाकावा, याचं मला वाईट वाटतं. त्यात कासवांच्या विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे पर्यटनाचाच हंगाम. यंत्राच्या वजनाने वाळू दाबली गेली की घरट्यातल्या अंड्यांचं आणि वर यायला धडपडणाऱ्या पिल्लांचं काय होत असेल, ते मी सांगायला नको.

आता पर्यटनाचं बोलू, कारण ग्रामसभेत हाच प्रश्न पहिला येईल. २०२५ साली आपल्या राज्यातल्या पाच किनाऱ्यांना 'ब्ल्यू फ्लॅग' मानांकन मिळालं. श्रीवर्धन, नागाव, गुहागर आणि लाडघर हे त्यांतले चार आपल्या तीन जिल्ह्यांतले आहेत, पाचवा डहाणूचा पारनाका. आता पुष्कळ गावांना ते निळं निशाण हवंय आणि त्यासाठी किनारा चकचकीत करण्याची चढाओढ लागेल. माझी विनंती आहे की त्या मानांकनाचे निकष एकदा मुळातून वाचावेत. शेवाळ आणि इतर नैसर्गिक अवशेष किनाऱ्यावर तसेच राहू द्यावेत, असं त्यांत स्पष्ट म्हटलेलं आहे. त्यांचा उपद्रव होईल इतके ढीग साचले तरच ते हलवायचे. ज्या निशाणासाठी आपण शेवाळ पुरतो, ते निशाणच शेवाळ ठेवा म्हणतं. हॉटेलवाल्यांना हा निकष छापून द्या. किनाऱ्यावर एक फलक लावा, चार ओळींचा, की ही रांग कशाची आहे आणि हिच्यात काय जगतं. शहरातून आलेली मुलं नाक दाबण्याऐवजी वाकून बघतील, याची मला शिकवण्याच्या अनुभवावरून खात्री आहे.

मध्यंतरी व्हॉट्सॲपवर कॅरिबियन बेटांचे व्हिडिओ फिरत होते, किनाऱ्यावर कमरेएवढं शेवाळ. ते पाहून आमच्याकडे घबराट झाली, म्हणून त्याबद्दल थोडं. ते खरं आहे. २०११ पासून अटलांटिकच्या उष्ण भागात सरगॅसम अफाट वाढू लागलं. २०१८ साली आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा ८,८५० किलोमीटर लांब पट्टा उपग्रहांनी टिपला, वजन २ कोटी टनांहून जास्त. इतकं शेवाळ किनाऱ्यावर कुजलं की विषारी वायू सुटतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तिथल्या लोकांचे हाल होतात. त्यामागे नद्यांतून येणारी खतं, समुद्रातले बदल अशी कारणं शास्त्रज्ञ तपासत आहेत. पण ते तरंगत वाढणाऱ्या जातींचं आहे. आपल्या पुळणीवर येतं ते आपल्याच खडपांवरचं, हंगामापुरतं, ओंजळी-टोपल्यांचं. तिथल्या संकटाचा उपाय इथल्या रांगेवर करू नका.

आणि त्याच अटलांटिकमध्ये शेवाळ राखणारे कायदेही आहेत. अमेरिकेने २००३ साली आपल्या आग्नेय किनाऱ्यासमोरच्या समुद्रासाठी सरगॅसमचा आराखडा केला. तरंगतं शेवाळ हे माशांचं घर, असं धरून ते काढण्यावर वर्षाला ५,००० पौंडांची, म्हणजे साधारण सव्वादोन टनांची मर्यादा घातली. २०१४ साली तिथल्याच तरंगत्या सरगॅसमचा भाग लॉगरहेड कासवांचा महत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी बर्म्युडात हॅमिल्टन जाहीरनाम्यावर पाच सरकारांच्या सह्या झाल्या, सरगॅसो समुद्र राखण्यासाठी. तो समुद्र कुणा एका देशाचा नाही, तरी सह्या झाल्या. आपलं खडप तर आपल्याच गावाच्या हद्दीला लागून आहे.

त्या खडपाचंच आता मागणं. सरकार शेवाळ शेतीला उत्तेजन देत आहे. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत त्यासाठी ६४० कोटी रुपये ठेवल्याचं तुम्ही वाचलं असेल. दोरीवर, तराफ्यावर शेवाळ लावून काढणं हा चांगला धंदा होऊ शकतो आणि आपल्या बचत गटांच्या बायका तो करतील तर मला आनंदच होईल. पण खताला, पावडरीला म्हणून खडपावरचं वाढतं सरगॅसम पोत्यांनी ओरबाडून नेणं ही शेती नव्हे. कुणी व्यापारी गावात येऊन किलोमागे भाव सांगू लागला तर त्याला हातातला कोयता खाली ठेवायला सांगा. चकतीसकट खरवडलेल्या खडकावर पुढच्या थंडीत रान उभं राहत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. बाकीची शेकडो खडपं राखायला गावाशिवाय कुणी नाही.

मच्छीमार सोसायट्यांनाही तुमच्यामार्फत एक सांगणं आहे. दिव्याच्या उजेडाखाली मासा जमवून पकडायला केंद्राने २०१७ सालीच बंदी केली, आणि २०२३ साली आपल्या राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. दोन्हींचा हेतू एकच, पिल्लांना वाढू द्या. तरंगत्या शेवाळाखालची पिल्लावळ घेरून उचलणं हे त्या हेतूच्या विरुद्ध जातं. गळाने, दोरीने तिथला मोठा मासा धरणाऱ्या लहान होडीवाल्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ती त्यांची जुनी आणि हिशेबाची रीत आहे. पण जाळ्यात शेवाळाची जुडी आली तर ती डेकवर आपटून वाळत टाकण्याआधी पाण्यात झटकून परत सोडावी. आणि तिच्यात गुंतलेली नायलॉनची दोरी तेवढी घरी आणावी. रापणीला हे आणखी सोपं आहे, कारण तिथे किनाऱ्यावर गावभरचे हात असतात.

किनाऱ्यासाठी काय करावं ते माझ्या मते असं. स्वच्छता हाताने, सुकतीच्या वेळी. प्लास्टिक, काच, जाळी, थर्माकोल उचलायचं. शेवाळ झटकून, त्यातलं प्लास्टिक सोडवून तिथेच टाकायचं. वेळ लागेल, हे मान्य. गोणी लवकर भरणार नाही आणि फोटोत ढीग लहान दिसेल, तरी चालेल. यंत्र भरतीच्या रेषेच्या खाली उतरवायचं नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च तर मुळीच नाही. जिथे पर्यटकांची फारच गर्दी आहे, एखादा शंभर-दोनशे मीटरचा तुकडा, तिथलं शेवाळ घमेल्यांनी उचलून पुळणीच्या वरच्या अंगाला, मर्यादवेलीच्या कडेला पसरावं. तरीही उरलंच तर पावसात मीठ धुऊन निघाल्यावर माडांच्या आळ्यात घालता येईल. पुरायचं नाही, जाळायचं तर नाहीच. तेवढ्या कामाला मजुरी लागेल, आणि ती जेसीबीच्या भाड्यात सहज बसेल.

आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, आणि त्यानंतर २ ऑक्टोबरची ग्रामसभा. त्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'किनाऱ्यावरील शेवाळ व खडप संरक्षण' हा विषय घ्यावा, ही या पत्रातली माझी ठोस मागणी. त्याआधी सप्टेंबरच्या मोहिमेला येणाऱ्या शाळांना आणि मंडळांना वरचा फरक समजावून सांगावा. ठरावाचा मसुदा मी तयार केला आहे, एका पानाचा. ज्या ग्रामपंचायतीला हवा असेल तिने आपल्या गावच्या शाळेमार्फत निरोप द्यावा, मी पाठवीन. कार्यकर्त्यांशी बोलायला बोलावलंत तर तिन्ही जिल्ह्यांत कुठेही स्वखर्चाने येईन.

कळावे,

आपली,
देवगड तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षिका